पायानं लोटलेलं दार

१

खडर्र... आणि मग, जरा थांबून, टक्.

हा आवाज शहातानं फार वर्षांपूर्वी ऐकला होता. तेव्हा इमारतीत जुनी लाकडी लिफ्ट होती, जाळीच्या सरकत्या दाराची, आणि शहाता तिचा लिफ्टमन होता. तो बटणांकडे तोंड करून स्टुलावर बसायचा. बटणांच्या वर एक आरसा होता, कडांनी काळा पडलेला. माणसं पाठीमागून आत यायची आणि शहाता त्यांना आरशात बघायचा. मान वळवायची त्याला कधी गरज पडली नाही.

जाळी लावायची ज्याची त्याची तऱ्हा होती. डॉक्टरसाहेब दोन बोटांनी लावायचे, जणू तिला ताप आहे. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण कमरेनं ढकलायची. पायानं लावणारा एकटाच होता, चौथ्या मजल्यावरच्या इनशिराहबाईंचा हैसम. त्याच्या हातात कायम काहीतरी असायचं, लहानपणी पाव, मग फुटबॉल, मग सिगारेट. तो टाच मागे करून जाळी लोटायचा. जाळी निम्म्यावर अडायची, खडर्र. मग दुसरी लाथ, टक्.

"पायानं नाही रे, गाढवा! हात काय शोभेला दिलेत?" शहाता आरशाकडे बघून ओरडायचा.

"तुम्हाला कसं कळतं हो काका, पाठीला डोळे आहेत का?" हैसम आरशातून हसायचा.

त्या दिवशी दुपारची नमाज होऊन गेली होती. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती आणि शहाता स्टुलावर पेंगत होता. खडर्र. टक्. पायाखालची फळी दबली, माणूस चढल्यावर दबते तेवढीच.

"पायानं नाही रे," शहाता अर्धवट झोपेत म्हणाला आणि त्याचा हात सवयीनं चारच्या बटणावर गेला.

दुसरा मजला मागे पडला तेव्हा त्याला आठवलं की हैसम मच्छीमारांच्या बोटीतून चोरून समुद्रापलीकडे गेलाय, त्यालाही आता कितीतरी दिवस झाले. त्यानं आरशात बघितलं. आरशात जाळी होती आणि तिच्यामागून भिंत खाली सरकत होती. बाकी कुणी नव्हतं.

त्यानं मान वळवली नाही. चौथा मजला आला, जाळी सरकली आणि फळी हलकी होऊन वर आली.

घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. फौकिया भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तार ढिली झाली असेल. आणि तुम्ही झोपला होतात." शहातानंही मग तेच धरलं. तार ढिली झाली असेल. पुढे ती लिफ्ट भंगारात गेली आणि तिच्या जागी पोलादी दारांची, आपोआप बंद होणारी नवी लिफ्ट आली. तिला ना लिफ्टमन लागत होता, ना स्टूल.

२

आता शहाता त्याच इमारतीच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत बसून चित्रं काढतो. कागदावर नाही. लेक नहला नवऱ्याबरोबर कुवेतला गेली तेव्हा तिचा जुना टॅबलेट मागे राहिला, त्याच्यावर.

आधी वेळ जात नव्हता म्हणून त्यानं लिफ्ट काढली. ती खोक्यासारखी दिसली. मग तो व्हिडिओ बघायला लागला. आवाज बंद करून, कारण बोलणारे कुठल्या कुठल्या भाषेत बोलायचे आणि त्यांच्या हातांकडे बघितलं की पुरत असे. चित्रात थर असतात, एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे, हे त्याला असंच कळलं. एका काचेवर भिंत, एकीवर खुर्ची, एकीवर माणूस. पाहिजे ती काच झाकता येते. हे कळल्या दिवशी तो इतका खूश झाला की फौकियाला स्वयंपाकघरातून ओढत घेऊन आला.

"बघ, माणूस गेला. आणि हा आला!"

"मसूर करपतोय," फौकिया म्हणाली.

आणि मग लोक यायला लागले. कुणाच्या बापाचा ओळखपत्रावरचा एवढासा फोटो, कुणाच्या आईचा लग्नातला, अर्धा फाटलेला. हे सगळं मोठं करून, रंगात, चांगल्या कोटात, दिवाणखान्यात टांगायला हवं असायचं. गेलेल्या माणसाच्या चित्राला कोपऱ्यात तिरकी काळी फीत लावतात. खरी फीत घसरते, म्हणून तीही शहातानंच रंगवून ठेवली होती. एका वेगळ्या थरावर, तयार. ज्याला पाहिजे त्याला लावायची.

काम गोड होतं, पण माणसं? माणसांनी त्याचं डोकं उठवलं होतं. मेलेल्याचं नाक जरा लहान करा. मेलेल्याला हसवा. अहो, एवढं नका हसवू, आमचे वडील असे कधीच हसत नव्हते! एकानं तर आजोबांच्या मांडीवर नातू मागितला, आजोबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला, आणि चित्र बघून तक्रार केली की आजोबा नातवाकडे प्रेमानं बघत नाहीत.

"ओळख नाही ना अजून त्यांची," शहाता म्हणाला. त्याला ते विनोदानं म्हणायचं नव्हतं, पण गिऱ्हाईक रागावून गेलं.

टॅबलेटही तसाच. मध्येच अडकायचा, पेन रुसायचं, बोट चुकून लागलं की आकाश हिरवं व्हायचं. शहाता दर थोड्या वेळानं नहलाला फोन लावायचा आणि नहला तिकडून सुस्कारा टाकायची.

"बाबा, ते काल पण सांगितलं."

"काल वेगळं झालं होतं."

"काल हेच झालं होतं, बाबा."

तिनं शिकवलेलं एक बटण मात्र त्याला जिवापाड आवडायचं. ते दाबलं की सगळं चित्र आरशात बघावं तसं उलटं होतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. "आपलंच चित्र बघून बघून डोळा आंधळा होतो, बाबा," नहला म्हणाली होती. "उलटं केलं की चुका लगेच दिसतात." तिला वाटलं होतं, हे तरी समजवायला वेळ लागेल. शहाताला ते तिनं सांगायच्या आधीच पटलं. माणसं नीट दिसायची तर आरशातच, यात त्याला नवल काय वाटणार?

३

इनशिराहबाई एक दिवस गच्चीचा जिना चढून धापा टाकत आल्या. वाळत घातलेल्या चादरी दोन्ही हातांनी बाजूला करत, "फौकिया, या पडद्यांतून माणूस हरवेल गं!" असं ओरडत. हातात संत्र्यांची पिशवी होती. त्या रिकाम्या हातानं कधी कुणाकडे गेल्या नाहीत.

"काका, मला हैसम काढून द्या."

शहातानं मान हलवली. "फोटो आणलात?"

"फोटो कशाला? गेला तेव्हा पोरगा होता तो. मला आजचा हवाय. तिशी ओलांडलेला. जरा सुटलेला. तिकडे सगळ्यात चीज घालून खातात म्हणे." त्या खुर्चीवर बसल्या आणि हातानं वारा घ्यायला लागल्या. "त्याला खुर्चीत बसवा. माझ्या खिडकीतल्या, जिरेनियमच्या कुंडीशेजारच्या. तिथंच बसायचा ना तो."

फौकियानं चहा आणला. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं चहाकडे बघितलं. बोट निघाल्यावर हैसमचा एकही फोन आला नव्हता, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. त्या बोटीतल्या दुसऱ्या मुलांच्या घरी केव्हाच फीत लागली होती.

"येत्या शुक्रवारी माझे दीर येणार आहेत," इनशिराहबाई म्हणाल्या. आता त्या वारा घेत नव्हत्या. "सगळ्यांना घेऊन. शेख आणणार, जनाजा नसताना पढतात ती नमाज पढवणार आणि पोराच्या फोटोला फीत लावणार. विकत आणून ठेवलीय म्हणे, रेशमी! मला म्हणतात, वहिनी, किती दिवस दार उघडं ठेवून बसणार? मी म्हटलं, दार माझं आहे, वाटलं तर उखडून टाकीन. शुक्रवारच्या आत मला हे चित्र भिंतीवर पाहिजे, काका. आजचा हैसम, टक्कल पडायला लागलेला. त्याच्याकडे बघून कुणाची फीत लावायची हिंमत होते ते बघते."

शहाताला नाही म्हणायचं होतं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "टक्कल किती पाडू?"

मग सुरू झाली खरी कटकट. इनशिराहबाई रोज वर यायला लागल्या. केस कमी करा. इतके नको! शर्ट निळा नको, निळा त्याच्या बापाचा. हात मांडीवर नको, वाट बघत बसल्यासारखा दिसतो. शहातानं हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. आता उठून चालल्यासारखा दिसतो! शहातानं पेन खाली ठेवलं आणि गच्चीवर जाऊन कबुतरांना दाणे टाकून आला.

आणि मग तीळ.

"काका, तीळ चुकलाय."

"कुठं चुकलाय? मी त्याला एवढासा होता तेव्हापासून बघतोय."

"आणि मी त्याला जन्म दिलाय. तीळ उजव्या गालावर. तुम्ही डाव्या काढलात. भांग पण उलटा. तरीच म्हटलं, हा असा परका का दिसतोय!"

शहाता चित्राकडे बघत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं आणि कानापर्यंत लाली चढली. इनशिराहबाईंच्याही लक्षात आलं, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आरसा! फौकिया, अगं तुझ्या नवऱ्यानं माझ्या पोराला जन्मभर उलटा बघितलाय!"

४

सोपं काम होतं. माणसाचा थर उलटवला, तीळ उजव्या गालावर गेला, भांग जागेवर आला. हैसम हैसमसारखा दिसायला लागला. शहातानं समाधानानं आरशाचं बटण दाबलं, एकदा उलटं करून चुका बघायला.

कुंडी डावीकडून उजवीकडे गेली. खिडकी गेली, पडदा गेला. हैसम वळला. गालावर तीळ नव्हता.

"आता तुझं काय?" शहाता टॅबलेटला म्हणाला.

बटण पुन्हा दाबलं. सुलट चित्रात तीळ होता, नीट, उजव्या गालावर. उलटं केलं, नाही. त्यानं तीळ मोठा केला, गडद केला, वेगळ्या थरावर काढला. सुलट चित्रात तो द्राक्षाएवढा दिसायला लागला. उलट चित्रात गाल कोरा. वैतागून त्यानं सगळं खोडून आधीचा तीळ ठेवला आणि नहलाला फोन लावला.

"थराला कुलूप लागलं असेल, बाबा. बंद करून चालू करा."

बंद करून चालू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट चित्रात तीळ तर नव्हताच, खुर्चीच्या दांड्यावरचा हातही नव्हता. बाही होती आणि ती दांड्याशी संपत होती.

शहातानं कपाळावर हात मारला. त्याला भीती वगैरे वाटली नाही. त्याला राग आला. एवढी मेहनत, बोटांचं नख न् नख रंगवलेलं, आणि हे यंत्र त्याच्यावर दात काढतंय! त्यानं ते चित्र नहलाला पाठवलं. थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"माझ्याकडे दोन्ही बाजूंनी छान दिसतंय, बाबा. हात आहे, तीळ आहे. किती सुंदर काढलाय हो हैसमला! डोळे तपासलेत का एवढ्यात?"

तो डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. हे ऐकून तो जास्तच चिडला.

घरी आला तेव्हा दुपारचं ऊन खोलीभर होतं आणि टॅबलेट टेबलावर उघडा पडला होता. फौकिया शेंगा सोलत शेजारी बसली होती.

"खुर्ची सुरेख काढलीत हो, नहलाचे बाबा," ती म्हणाली. "कापड अगदी हात लावून बघावंसं वाटतं. मुलगा कधी काढणार?"

"मुलगा कधी काढणार म्हणजे?"

"म्हणजे तो बसवायचाय ना त्यात?"

शहातानं टॅबलेट उचलला. चित्र उलटंच राहिलं होतं. कुंडी उजवीकडे, खिडकी, पडदा, खुर्ची. खुर्ची रिकामी. त्यानं बटण दाबलं. कुंडी डावीकडे आली आणि खुर्चीत हैसम बसलेला होता, टक्कल पडायला लागलेला, उजव्या गालावर तीळ.

त्यानं स्क्रीन बायकोसमोर धरली.

"हा नव्हता," फौकिया म्हणाली. "खरंच हा नव्हता हो." ती हसायला गेली, पण हसली नाही. शेंगांची परात घेऊन ती आत गेली.

५

थर म्हणजे काचा. शहाता स्वतःला समजावत राहिला. काचेवरचा रंग पुसला जाऊ शकतो. उलटताना यंत्राचा गोंधळ होतो. तारही ढिली होऊ शकते.

त्यानं हैसमचा थर पूर्ण खोडला आणि पहिल्यापासून काढायला घेतला. या वेळी हळू. कपाळ, भुवया, खालचा जाडसर ओठ. काढता काढता तो त्याच्याशी बोलायला लागला, लिफ्टमध्ये बोलायचा तसा.

"आईला फार त्रास दिलास रे. एक फोन करायला काय झालं होतं? नुसतं आलो, पोचलो, एवढं म्हटलं असतंस तरी तिनं इमारतीभर बासबुशाची मिठाई वाटली असती. तुला कधी दुसऱ्याचं काही सुचलंच नाही. जाळी लावायला सुद्धा हात वापरायला नकोत."

चित्र झालं. पहिल्यापेक्षा चांगलं झालं. शहातानं पेन ठेवलं, चष्मा पुसला आणि आरशाचं बटण दाबलं.

खुर्ची रिकामी होती. पण या वेळी तो रागावला नाही, कारण त्याला दुसरंच काही दिसलं होतं.

खुर्चीवर गादी होती, हिरवी, फुलाफुलांची. इनशिराहबाईंच्या घरी होती तशी. ती शहातानं फुगीर रंगवली होती. मधोमध उंच, कडांना उतरती. त्याला ते चांगलं आठवत होतं, कारण गादीचा थर त्यानं माणूस बसवायच्या आधी केला होता आणि पुन्हा हात लावला नव्हता. आता ती मध्ये खोल दबलेली होती. फुलांच्या पाकळ्या त्या खड्ड्यात ओढल्या गेल्या होत्या. कापडाला शिवणीपाशी चुण्या पडल्या होत्या. अशा चुण्या त्यालाच काय, व्हिडिओतल्या त्या परदेशी माणसांनाही जमल्या नसत्या.

माणूस चढल्यावर लिफ्टची फळी दबायची, तेवढीच.

शहातानं टॅबलेट पालथा ठेवला. गच्चीवर चादरी फडफडत होत्या, खाली ट्राम गेली, कुणीतरी मासळी विकत होता. दिवस नेहमीसारखा चालला होता. त्याला फक्त एकच सारखं वाटत होतं, की आपण मान वळवायला नको.

६

गुरुवारी दुपारी इनशिराहबाई आल्या. आज त्यांनी चांगला काळा झगा घातला होता आणि ओठांना थोडा रंग होता. पोराला न्यायला आल्यासारख्या. हातात संत्र्यांची पिशवी होती.

"झालं ना? छापणाऱ्याला सांगून आलेय. संध्याकाळी चौकटीत घालून देतो म्हणाला. उद्या दीर दारात आले की समोर माझा हैसम! त्यांचं तोंड बघायला तुम्ही पण या, काका. फौकिया, तू पण ये गं."

"अजून थोडं बाकी आहे," शहाता म्हणाला.

"काय बाकी?"

"गादी."

"अहो, गादी कोण बघणार? त्याच्यावर माझा पोरगा बसलाय!"

फौकिया दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, पुढच्या आठवड्यात न्या ना." तिचा आवाज इतका हळू होता की इनशिराहबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. मग शहाताकडे बघितलं.

"कुणी सांगितलंय तुम्हाला? दिरांनी निरोप पाठवला का? तुम्ही पण त्यांच्यातलेच?"

"नाही हो, बाई."

"मग दाखवा."

शहातानं चित्र सुलट करून समोर धरलं. इनशिराहबाई खुर्चीवर बसून, चष्मा लावून बघत राहिल्या. त्यांनी स्क्रीनवर गालाला बोट लावलं, तिळाजवळ, अगदी हळू, जणू झोपलेला उठेल.

"किती म्हातारा झालास रे," त्या म्हणाल्या.

शहाताला वाटलं, आता सांगावं. पण सांगावं काय? की यंत्र बिघडलंय? की एकदा लिफ्टची तार ढिली झाली होती? आयुष्यभर त्यानं माणसांना फक्त मजला विचारला होता.

"काका," इनशिराहबाई एकदम म्हणाल्या, डोळे पुसून, हसत, "तुमचा हैसम पण बघू दे ना. तुम्ही बघायचात तो. उलटा."

"नको."

"का नको? कुठलं ते बटण? रोज तर दाबता माझ्यासमोर, मला पाठ झालंय. हे ना?"

"बाई, नको म्हणतो ना!" शहाता ओरडला. या इमारतीत त्याचा एवढा मोठा आवाज कुणीच ऐकला नव्हता, एका हैसमशिवाय.

पण बटण दाबलं गेलं होतं.

टॅबलेट त्यांच्या हातात होता आणि त्याची पाठ शहाताकडे होती. त्याला चित्र दिसत नव्हतं. त्याला फक्त इनशिराहबाईंचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या चष्म्याच्या दोन काचांत दोन एवढ्या एवढ्याशा खिडक्या, दोन कुंड्या, दोन खुर्च्या. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागचं कुणीतरी निघून गेल्यासारखं. त्या ओरडल्या नाहीत. त्या बघत होत्या, आणि त्यांची मान अगदी थोडी थोडी वर होत होती. बसलेला माणूस उठायला लागला की आपली नजर त्याच्याबरोबर वर जाते, तशी.

शहातानं त्या काचांत निरखून बघितलं. दोन्ही खुर्च्यांवरच्या दोन्ही हिरव्या गाद्या हळूहळू फुगत होत्या. खड्डा भरत होता. फुलं आपापल्या जागी परत येत होती.

मग त्याच्या पाठीमागे, जिथं भिंतीशिवाय आणि देवाच्या नावाच्या तसबिरीशिवाय काहीच नव्हतं तिथं, जमिनीतली सैल लाकडी फळी दबली.

त्यानं मान वळवली नाही. फौकिया दारातून बाजूला झाली. का झाली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ती नुसती सरकली, कुणाला वाट द्यावी तशी.

इनशिराहबाईंनी टॅबलेट टेबलावर ठेवला. पालथा ठेवला, सावकाश. संत्र्यांची पिशवी तशीच खुर्चीपाशी राहिली. त्या उठल्या, झगा नीट केला आणि दाराशी गेल्या. गच्चीवर उघडणारं ते दार वाऱ्यानं आपोआप लागायचं, म्हणून त्यांनी ते हातानं धरून ठेवलं. स्वतः बाहेर न पडता. एक माणूस आरामात बाहेर जाईल इतका वेळ त्या दार धरून उभ्या राहिल्या. मग त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी दार सोडलं.

दार निम्म्यावर अडलं, खडर्र. फौकियानं शहाताचा हात घट्ट धरला.

टक्.

खिडकीतून शहाताला चादरींच्या रांगा दिसत होत्या. एक चादर बाजूला झाली, इनशिराहबाई पलीकडे गेल्या, आणि ती चादर लगेच खाली आली नाही. मग आली. जिन्याच्या तोंडाशी त्या पुन्हा दिसल्या. कठडा सोडून, भिंतीला खांदा घासत, कठड्याच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी ठेवून त्या एक एक पायरी उतरत गेल्या, मागे न बघता.